आकाशातून घेतलेली साक्ष
(दुसऱ्या महायुद्धातील हवाई छायाचित्रांविषयी)

— द्वितीय वर्ष, कला

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, बखरी, दफ्तरे ही नावे आपल्याला चटकन आठवतात. ती यादी आपण पाठ करतो आणि परीक्षेत लिहून मोकळे होतो. विसाव्या शतकाने या यादीत आणखी एका साधनाची भर घातली. ते म्हणजे छायाचित्र, आणि त्यातही विमानातून घेतलेले छायाचित्र. दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) दोन्ही बाजूंच्या वायुदलांनी अशी लक्षावधी छायाचित्रे घेतली. त्यांच्या आधारे हल्ले आखले गेले, जहाजे बुडवली गेली, शहरे जाळली गेली. पुढे त्याच छायाचित्रांवरून त्या युद्धाचा इतिहासही लिहिला गेला.

‘फोटो कधी खोटे बोलत नाही’ असे आपण सहज म्हणतो. ते कितपत खरे आहे? बखर वाचताना ती कोणी लिहिली, लिहिणारा कोणाच्या पदरी होता, हे आपण विचारतो. छायाचित्रालाही तसेच काही विचारायला हवे काय? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विमान आणि कॅमेरा

आकाशातून छायाचित्र घेण्याची कल्पना विमानापेक्षाही जुनी आहे. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पॅरिसजवळ बलूनमध्ये बसून हा प्रयोग केला होता. पण या कलेला खरे महत्त्व आले ते पहिल्या महायुद्धात. खंदकांची लढाई सुरू झाल्यावर शत्रूचा खंदक कोठे वळतो, तोफा कोठे दडवल्या आहेत, हे घोडेस्वारांच्या टेहळणीने कळेनासे झाले. मार्च १९१५ मध्ये नव्ह शापेल येथील हल्ल्यापूर्वी ब्रिटिशांनी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून जर्मन खंदकांचे नकाशे तयार केले, आणि तेव्हापासून सेनापतींना या नव्या डोळ्याची सवय लागली.

दुसरे महायुद्ध तोंडावर आले तेव्हा सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक उद्योगपतीच्या वेषात जर्मनीवरून उडत होता. त्याच्या विमानाच्या पोटात कॅमेरे लपवलेले होते. त्याच सुमारास, ऑगस्ट १९३९ मध्ये, मॉरिस लॉंगबॉटम या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने एक टिपण लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : टेहळणीच्या विमानाने लढू नये. त्याने एकट्याने, फार उंचावरून आणि फार वेगाने जावे, चित्र घ्यावे आणि परत यावे. त्यासाठी स्पिटफायर हे सर्वांत वेगवान विमान घ्यावे, त्याच्या तोफा काढून टाकाव्यात आणि तेवढ्या वजनाचे पेट्रोल व कॅमेरे भरावेत.

ही सूचना मान्य झाली. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी स्वतः लॉंगबॉटमनेच फ्रान्समधून उड्डाण करून जर्मनीच्या सरहद्दीवर अशी पहिली फेरी केली. नंतर या विमानांना आकाशात मिसळून जाईल असा निळसर रंग देऊ लागले. वैमानिक एकटा असे. जवळ बंदूक नाही, सोबतीला कोणी नाही, बाहेर हाडे गोठवणारी थंडी. विमानामागे धुराच्या रेषेसारखा पांढरा पट्टा उमटू लागला की शत्रूला आपला पत्ता लागला असे समजून त्याला उंची बदलावी लागे. हे काम करणारे अनेक वैमानिक परत आले नाहीत.

छायाचित्र ‘वाचतात’ कसे?

समजा विमान ३०,००० फूट उंचीवर आहे आणि कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ३६ इंच, म्हणजे ३ फूट आहे. उंचीला या अंतराने भागले की छायाचित्राचे प्रमाण मिळते. ३०,००० भागिले ३ म्हणजे १०,०००. याचा अर्थ जमिनीवरचे १० मीटर छायाचित्रात एक मिलिमीटर एवढे दिसतात. घर म्हणजे एक ठिपका, माणूस तर जवळजवळ नाहीच. एवढ्याशा खुणांवरून कारखाना, गोदाम, रडार आणि तोफखाना वेगवेगळे ओळखायचे असत.

यासाठी दोन गोष्टींची मदत होई. पहिली म्हणजे सावली. वरून पाहिल्यावर धुराडे आणि टाकी दोन्ही गोलच दिसतात, पण त्यांच्या सावल्या निराळ्या पडतात. दिवसाची वेळ ठाऊक असली तर सावलीच्या लांबीवरून उंचीचेही गणित करता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन डोळ्यांची युक्ती. अंगठा डोळ्यांसमोर धरून आधी एक डोळा मिटावा, मग दुसरा. अंगठा जागचा हलल्यासारखा वाटतो. या फरकावरूनच आपल्या मेंदूला जवळचे-लांबचे कळते. विमानातला कॅमेरा ठरावीक अंतराने चित्रे घेत जाई, आणि प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा सुमारे ६० टक्के भाग पुन्हा येई. अशी लागोपाठची दोन चित्रे शेजारी ठेवून स्टिरिओस्कोप या दोन भिंगांच्या साध्या उपकरणातून पाहिली की सपाट कागदावरून घरे, टेकड्या, भिंती वर उठून दिसतात.

हे काम इंग्लंडमध्ये थेम्स नदीकाठच्या मेडमेनहॅम येथील एका मोठ्या वाड्यात चाले. १ एप्रिल १९४१ पासून तेथे छायाचित्र-वाचनाचे मध्यवर्ती केंद्र होते. विमान उतरल्यावर काही तासांत चित्रांची पहिली पाहणी होई आणि तातडीची खबर पुढे जाई. चोवीस तासांच्या आत दुसरी, अधिक सविस्तर पाहणी होई. त्यानंतर प्रत्येक विषयाचे जाणकार ती चित्रे सावकाश अभ्यासत. कोणाकडे जहाजे, कोणाकडे रेल्वे, कोणाकडे विमाने. विमानांच्या विभागाची प्रमुख कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ ही स्त्री होती. युद्धापूर्वी ती विमानविषयक नियतकालिकात लेखन करीत असे. या केंद्रात स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत. पंतप्रधान चर्चिल यांची कन्या सारा हीदेखील त्यांपैकी एक. पुरातत्त्वाचे अभ्यासकही तेथे पुष्कळ होते. केंब्रिजमधील पहिल्या स्त्री प्राध्यापक डोरोथी गॅरॉड त्यांत होत्या. मातीवरच्या अंधुक खुणांवरून खाली काय आहे ते ओळखण्याची सवय त्यांना आधीपासूनच होती, तेव्हा ही निवड योग्यच म्हणावी लागेल.

एक-दोन यशस्वी प्रसंग

२१ मे १९४१ रोजी मायकेल सकलिंग या वैमानिकाने नॉर्वेतील बर्गेनजवळच्या एका खाडीचे छायाचित्र आणले. त्यात ‘बिस्मार्क’ ही बलाढ्य जर्मन युद्धनौका नांगर टाकून उभी असलेली दिसली. या खबरीवरून ब्रिटिश आरमार हलले आणि २७ मे रोजी ‘बिस्मार्क’ बुडाली. सकलिंग स्वतः त्याच वर्षी जुलैमध्ये एका फेरीवरून परतला नाही.

दुसरा प्रसंग पेनेमुंडेचा. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील या ठिकाणी जर्मन शास्त्रज्ञ अग्निबाण तयार करीत होते. १५ मे १९४२ रोजी दुसरीकडे निघालेल्या एका वैमानिकाला तेथे नवे बांधकाम दिसले आणि त्याने जाता जाता कॅमेरा सुरू केला. चित्रात मातीचे मोठे गोलाकार बांध स्पष्ट आले होते. पण ते कशाचे हे कोणालाच सांगता येईना, म्हणून चित्रे बाजूला ठेवली गेली. पुढच्या वर्षी अग्निबाणांविषयी अन्य मार्गांनी बातम्या आल्या तेव्हा विमाने पुन्हा तेथे पाठवण्यात आली, आणि जून १९४३ च्या छायाचित्रांत अग्निबाण ओळखता आला. १७ ऑगस्टच्या रात्री ५९६ विमानांनी पेनेमुंडेवर हल्ला केला. त्यांपैकी ४० परतली नाहीत. बॉम्बचा काही भाग परदेशांतून आणलेल्या मजुरांच्या छावणीवर पडला आणि तेथे शेकडो मजूर ठार झाले.

२८ नोव्हेंबर १९४३ रोजी घेतलेल्या पेनेमुंडेच्या आणखी एका छायाचित्रात समुद्राकडे तोंड करून बांधलेला एक उतरता मार्ग दिसला. अशा बांधकामांचा संबंध गाळ उपसण्याशी असावा असे आधी वाटले होते. बॅबिंग्टन स्मिथ यांनी त्या मार्गावर बसलेले एक चिमुकले विमान हेरले. हेच ते उडते बॉम्ब, ‘व्ही-१’. त्याच्या पंखांचा विस्तार साडेपाच मीटरदेखील नव्हता. वर सांगितलेल्या हिशेबाने छायाचित्रात तो जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतो! उत्तर फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या चमत्कारिक बांधकामांचा अर्थ त्यामुळे लागला. त्यांपैकी बरीच पुढे बॉम्बफेकीत नष्ट करण्यात आली.

या प्रसंगात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९४२ च्या चित्रात बांध होतेच. पाहणाऱ्यांचे डोळेही तरबेज होते. प्रश्न मात्र अजून कोणी विचारलेला नव्हता.

स्वतःच्याच वायुदलाविरुद्ध साक्ष

छायाचित्राने कधी कधी आपल्याच धन्याला अडचणीत आणले. १९४१ पर्यंत ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने रात्री जर्मनीवर जात आणि लक्ष्य उद्ध्वस्त केल्याचे अहवाल घेऊन परत येत. बॉम्ब टाकतानाच प्रखर उजेडाची नळकांडी सोडून खालच्या जमिनीचे चित्र घेण्याची सोय काही विमानांत होती. बट नावाच्या एका मुलकी अधिकाऱ्याने जून-जुलै १९४१ मधील अशी सुमारे ६३० छायाचित्रे तपासली आणि ऑगस्टमध्ये अहवाल दिला. लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी केवळ एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. धुराने सदैव झाकलेल्या रूर या कारखान्यांच्या प्रदेशात तर हे प्रमाण दहास एक इतके कमी होते. वैमानिक खोटे बोलत नव्हते. अंधारात, तोफांच्या माऱ्यात त्यांना जे वाटले तेच त्यांनी सांगितले होते.

आता या सत्याचे पुढे काय झाले? एकीकडे दिशा शोधण्याची यंत्रे सुधारण्यात आली. दुसरीकडे, नेमका कारखाना सापडत नसेल तर सबंध शहरच लक्ष्य धरावे, या विचाराला बळ मिळाले आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये तसा आदेश निघाला. जुलै १९४३ च्या अखेरीस हॅंबुर्गवर झालेल्या हल्ल्यांत ३५ ते ४० हजार माणसे मेली. छायाचित्राने चूक दाखवून दिली. ती सुधारायची कशी, हे मात्र माणसांनी ठरवले.

एकच चित्र, दोन अर्थ

२९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन वायुदलाने लंडनवर आगीचे बॉम्ब टाकले. हर्बर्ट मेसन या वृत्तछायाचित्रकाराने एका छपरावरून सेंट पॉल चर्चचे छायाचित्र घेतले. भोवती धूर आणि ज्वाळा, मध्ये चर्चचा घुमट शाबूत. लंडनच्या वर्तमानपत्राने ते छापले तेव्हा लोकांनी त्यात आपल्या शहराची जिद्द पाहिली. काही आठवड्यांतच बर्लिनच्या एका साप्ताहिकाने तेच चित्र छापले. तेथील वाचकांसाठी तो लंडन जळत असल्याचा पुरावा होता. खोटे कोणी काहीच छापले नव्हते. चित्र तेच, फक्त त्याखालच्या ओळी बदलल्या.

चित्राच्या चौकटीबाहेर

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. ग्रंथालयातून आणलेले युद्धाच्या छायाचित्रांचे पुस्तक घरी सर्वांनी पाहिले. त्यात म्योने धरणाचे सुप्रसिद्ध चित्र होते. १६ मे १९४३ च्या रात्री १९ ब्रिटिश विमाने पाण्यावरून टप्पे घेत जाणारे खास बॉम्ब घेऊन जर्मनीतील धरणे फोडायला गेली. आठ विमाने पडली, ५३ वैमानिक मेले, पण म्योने आणि एडर ही दोन धरणे फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेहळणी विमानाने आणलेल्या चित्रात धरणाच्या भिंतीला पडलेले खिंडार आणि त्यातून उसळणारे पाणी दिसते. ते चित्र जगभर छापले गेले. मी बॉम्बची रचना मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होते. माझ्या आईला वाचता येत नाही. तिने चित्र पाहून एवढेच विचारले, “आणि गं, धरणाखालची गावं?”

पुस्तकात त्या चित्राखाली याचे उत्तर नव्हते. मला ते दुसरीकडे शोधावे लागले. त्या रात्री तेराशे ते सोळाशे माणसे बुडाली, असे निरनिराळे अंदाज आहेत. त्यांत निम्म्याहून अधिक जर्मन नव्हतेच. ते जर्मनांनी पकडून आणलेले वेठबिगार आणि युद्धकैदी होते, आणि त्यांत रशिया-युक्रेनकडच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ज्यांच्या सुटकेसाठी युद्ध चालले होते, त्यांतलीच ही माणसे. छायाचित्राने धरण दाखवले. त्याला धरणच दाखवायला सांगितले होते.

दिसूनही न दिसलेले

या सर्वांहून मनाला चटका लावणारा प्रसंग ऑशविट्झचा आहे. पोलंडमधील या छळछावणीत नाझींनी दहा लाखांहून अधिक माणसांची हत्या केली. त्यांत बहुसंख्य ज्यू होते. छावणीपासून काही किलोमीटरवर मोनोविट्झ येथे कृत्रिम रबर व तेल यांचा प्रचंड कारखाना उभा राहत होता. ४ एप्रिल १९४४ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या वायुदलाचे एक विमान इटलीतून निघून त्या कारखान्याची छायाचित्रे घेऊन आले. कॅमेरा लक्ष्याच्या थोडा आधी सुरू करण्याची पद्धत असे. त्यामुळे छावणीही चित्रात आली. त्यानंतर मे, जून, ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांतही तसेच घडले. २५ ऑगस्टच्या चित्रात बिर्केनाउ येथे रेल्वेचे डबे उभे आहेत, विषारी वायूची दालने आणि दाहगृहे आहेत, आणि दाहगृहाच्या दिशेने जाणारी माणसांची एक रांगही आहे.

छायाचित्र वाचणाऱ्यांनी कारखान्याचा एकेक विभाग ओळखून लिहिला. छावणीवर मात्र त्यांनी काही लिहिले नाही. त्यांना कारखाना पाहायला सांगितले होते. त्याच एप्रिलमध्ये छावणीतून निसटलेले रुडॉल्फ व्ह्‌रबा आणि आल्फ्रेड वेट्झलर यांनी तेथील हत्याकांडाचे वर्णन लिहून दिले होते, आणि ते त्या उन्हाळ्यात दोस्त राष्ट्रांपर्यंत पोचलेही होते. पण तो कागद एका कचेरीत राहिला आणि ही चित्रे दुसऱ्या कचेरीत. दोन्ही एका टेबलावर कधी आलीच नाहीत.

ती चित्रे चौतीस वर्षे तशीच पडून होती. १९७८ मध्ये डिनो ब्रुजिओनी आणि रॉबर्ट पॉयरिअर या दोन अमेरिकन छायाचित्र-तज्ज्ञांनी जुन्या फिल्म शोधून, मोठ्या करून पाहिल्या, आणि १९७९ च्या आरंभी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छावणीतून वाचलेल्या लोकांनी सांगितलेल्या हकिकती आता त्यांच्या हाताशी होत्या. म्हणूनच कोणता ठिपका म्हणजे काय हे त्यांना कळले. त्या रांगेतल्या माणसांना मात्र याचा काही उपयोग नव्हता.

वरून आणि खालून

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. विमानातून घेतलेले त्या ढगाचे चित्र आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात पाहिले आहे. त्यात एकही माणूस नाही. त्याच दिवशी खाली शहरात योशितो मात्सुशिगे हा वृत्तपत्र-छायाचित्रकार कॅमेरा घेऊन फिरत होता. एका पुलाजवळ भाजलेली माणसे बसली होती, त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती. त्याला बराच वेळ कळ दाबवेना. त्या दिवसाची त्याची पाचच चित्रे आज उरली आहेत. ती अमेरिकेतील वाचकांना पाहायला मिळाली १९५२ मध्ये. ढगाचे चित्र आधी जगभर गेले, माणसांचे चित्र मागून आले. आणि पुष्कळांच्या मनात पहिलेच कायमचे ठसले.

आजचा उपयोग

ही छायाचित्रे आजही निकामी झालेली नाहीत. ब्रिटिशांच्या चित्रांचा मोठा संग्रह स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे आहे. जर्मनीत नवी इमारत किंवा रस्ता बांधण्यापूर्वी जुनी हवाई छायाचित्रे तपासून, जमिनीत न फुटलेला बॉम्ब तर नाही ना, याचा शोध घेतला जातो. म्हणजे ज्या चित्रांनी बॉम्ब कोठे टाकावा हे सांगितले, तीच आता तो कोठून काढावा हे सांगत आहेत.

आपल्या देशाचाही या कथेशी थोडा संबंध आला. स्टुअर्ट पिगट आणि ग्लिन डॅनियल हे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ युद्धकाळात याच कामासाठी भारतात होते. येथल्या मुक्कामात पिगट यांनी भारतीय पुरातत्त्वाचा अभ्यास केला, आणि १९५० मध्ये त्यांचा ‘प्रिहिस्टॉरिक इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : छायाचित्र खोटे बोलत नसेल, पण ते आपण होऊन काही सांगतही नाही. विचारावे तेवढेच ते सांगते. यासाठी युद्धाचे कोणतेही चित्र पाहताना निदान चार प्रश्न विचारावेत. हे कोणी घेतले? कोणाच्या सांगण्यावरून घेतले? किती उंचीवरून घेतले? आणि चौकटीच्या बाहेर, किंवा चौकटीच्या आत पण ठिपक्याएवढे, कोण होते? दहा मीटर जागा एका मिलिमीटरमध्ये बसवली की त्यात माणूस मावत नाही. तो तेथे आहे हे ध्यानात ठेवूनच चित्राकडे पाहावे लागते, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे तरी करावे.